‘वारोआ याकोबसोनी’ : एका नावाचे पुनर्परीक्षण

इ. स. १९०४ मध्ये डच प्राणिशास्त्रज्ञ आ. सी. आउडेमान्स यांनी मधमाशीच्या अंगावर जगणाऱ्या एका परजीवी माइटचे वर्णन लायडनच्या संग्रहालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नमुने जावा बेटावरील सेमारंगचे होते आणि ते एडवर्ड याकोबसोन यांनी जमविले होते. म्हणून जातीचे नाव ‘याकोबसोनी’ असे ठरले. वंशाच्या नावासाठी मात्र आउडेमान्स थेट रोमपर्यंत मागे गेले. मार्कुस टेरेन्टिउस वारो (इ. स. पूर्वी ११६–२७) या पंडिताने शेतीवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मधमाश्यांविषयी लिहिले आहे, त्याच्यावरून ‘वारोआ’. हाच वारो लॅटिन भाषेवरील २५ खंडांच्या ग्रंथाचाही कर्ता होय, आणि वस्तूंना नावे कशी दिली जातात हा त्या ग्रंथातील एक प्रमुख विषय आहे. प्रस्तुत माइटच्या नावाची पुढील कथा पाहता हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

जावातील ती माशी महाराष्ट्रात जिला ‘सातेरी’ म्हणतात तिच्याच जातीची. या जातीच्या पोळ्यांत माइटची वाढ मुख्यतः नरमाश्यांच्या कोठड्यांपुरती राहते, त्यामुळे वसाहत सहसा नष्ट होत नाही. पाश्चात्त्य मधमाशी आशियात आणली गेल्यावर माइट तिच्यावर गेला, आणि तेथे तो कामकरी माश्यांच्या कोठड्यांतही वाढू लागला. पुढे तो युरोपात पसरला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळला. पोळीच्या पोळी ओस पडू लागली. हे सर्व ‘वारोआ याकोबसोनी’ या एकाच नावाखाली नोंदले गेले.

या माइटची मादी तांबूस तपकिरी, चपटी आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक, म्हणजे सूक्ष्म खेकड्यासारखी दिसते. नर लहान व फिकट असून कोठडीबाहेर जगत नाही. त्यामुळे वर्गीकरणाचा भार मादीवरच पडला. निरनिराळ्या प्रदेशांतील माद्यांचे आकारमान सारखे नाही हे लक्षात आले होते. डेल्फिनाडो-बेकर आणि हौक यांनी १९८९ मध्ये त्यांची संख्याशास्त्रीय तुलनाही केली. परंतु तो फरक प्रादेशिक भेद मानला गेला. मापे हाती होती. अडसर होता तो रूढ नावाचा.

संशयाचे खरे कारण शरीररचनेत नव्हे, तर वर्तनात सापडले. जावातील माइट पाश्चात्त्य माशीच्या कोठडीत शिरत, पण तेथे त्यांना प्रजोत्पादन साधत नसे, असे ऑस्ट्रेलियातील डेनिस अँडरसन यांना आढळले. जगभर पोळी बुडविणारा प्राणी स्वतःच्या मूळ स्थानीच निष्फळ कसा? अँडरसन व जॉन ट्रूमन यांनी मायटोकाँड्रियातील डीएनए व शरीराची मापे एकत्र तपासून २००० मध्ये उत्तर दिले. एका नावाखाली किमान दोन जाती होत्या. जावाकडील मादी सरासरी १,०६३ मायक्रॉन लांब व १,५०७ रुंद. दुसरी १,१६७ लांब व १,७०९ रुंद, आणि आकाराने कमी वाटोळी.

आता जुने नाव कोणाचे? भाषेत शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, आणि वापर पाहिला तर ‘याकोबसोनी’ म्हणजे पोळी उद्ध्वस्त करणारा माइट असाच अर्थ रूढ होता. प्राणिनामांच्या संहितेत वापराला हा अधिकार सामान्यतः नाही. तेथे नाव मूळ नमुन्याला बांधलेले असते. तो नमुना जावाचा, म्हणून नाव जावाच्या माइटकडेच राहिले आणि जगप्रसिद्ध शत्रूला ‘वारोआ डिस्ट्रक्टर’ हे नवे नाव द्यावे लागले. परिणामी २००० पूर्वी ‘याकोबसोनी’विषयी लिहिलेले बहुतेक सारे वस्तुतः ‘डिस्ट्रक्टर’विषयी आहे, आणि जुना लेख वाचणाऱ्याने प्रथम नमुना कोठला व कोणत्या माशीवरचा हे पाहिले पाहिजे. केवळ शीर्षकावर विसंबणारा फसेल.

या पुनर्परीक्षणाने जावाच्या जातीला निरुपद्रवी ठरविले असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. २००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत खरी ‘याकोबसोनी’ही पाश्चात्त्य माशीच्या कोठड्यांत प्रजा वाढविताना आढळली.