प्रतिमा, पूजा आणि राजसत्ता

मूर्तिभंजन म्हटलें म्हणजे परधर्मी आक्रमकाचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ख्रिस्ती धर्मांत हा वाद घरांतल्या घरांतच पेटला, व तो शंभराहून अधिक वर्षें चालला.

त्याचें बीज बायबलांतच आहे. कोरीव मूर्तीची सेवा करण्यास दहा आज्ञांत स्पष्ट मनाई आहे. पण ज्या मोशेनें त्या आज्ञा आणल्या, त्यानेंच सर्पदंशानें मरणाऱ्या लोकांसाठीं पितळेचा सर्प उभारला. पुढें कित्येक शतकांनीं लोक त्याच सर्पापुढें धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकला. पितळ तेंच होतें. पालटली होती ती लोकांची बुद्धि.

इ. स. ७२६ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट् तिसरा लिओ यानें पवित्र चित्रांविरुद्ध मोहीम आरंभिली. अरबांनीं प्रांतामागून प्रांत घेतले होते; त्याच वर्षीं एजियन समुद्रांत ज्वालामुखीचा स्फोट झाला. हा देवाचा कोप होय, असें लिओनें मानल्याचें बखरकार सांगतात. भीति अगदींच निराधार नव्हती. चित्रांवरील रंग खरवडून कांहीं पुरोहित तो प्रभुभोजनांत मिसळतात, अशी तक्रार दुसरा मायकेल या सम्राटाच्या इ. स. ८२४ च्या पत्रांत आढळते.

लिओचा पुत्र पांचवा कॉन्स्टंटाइन यानें इ. स. ७५४ मध्यें ३३८ बिशपांची परिषद भरवून चित्रें निषिद्ध ठरविलीं. रंगानें ईश्वरत्व रेखाटतां येत नाहीं, आणि केवळ मनुष्यत्व रेखाटलें तर ख्रिस्ताचे दोन तुकडे होतात, असा परिषदेचा युक्तिवाद होता. विरोध करणाऱ्या संन्याशांचा छळ झाला. उलट पक्षाचें उत्तर खलिफाच्या राज्यांत राहणाऱ्या दमास्कसच्या जॉननें आधींच दिलें होतें; तेथें सम्राटाचा हात पोंचत नव्हता. मी जडाची आराधना करीत नाहीं, जडाच्या कर्त्याची करितों, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. इ. स. ७८७ च्या नायसिआ येथील परिषदेनें वंदन आणि आराधना यांतील हाच भेद मान्य केला. पुढें चित्रांवर पुनः बंदी आली, अखेर इ. स. ८४३ मध्यें राणी थिओडोराच्या कारकीर्दींत चित्रें कायमचीं परत आलीं.

मात्र या वादांतील एक गोष्ट चिंतनीय आहे. स्टीफन नांवाच्या हुतात्म्या संन्याशाचा चरित्रकार म्हणतो कीं, कॉन्स्टंटाइननें राजधानींतील धर्मपरिषदांचीं चित्रें पुसून तेथें रथांच्या शर्यती व आपला आवडता सारथी रंगविला. ही विरुद्ध पक्षाची साक्ष. तींत कांहीं वजा करावें. पण नाणीं पक्षपात करीत नाहींत. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनिअननें सोन्याच्या नाण्यावर ख्रिस्ताचें मुख घातलें होतें. लिओच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूस तो स्वतः, व दुसऱ्या बाजूस त्याचा पुत्र!

देवाचें चित्र धोक्याचें, राजाचें मात्र निर्धोक, असा हा न्याय झाला. मूर्तिपूजेचा धोका खरा आहे, हें जॉनही नाकारीत नव्हता. पण तो भिंतीवर राहत नाहीं, मनांत राहतो. भिंत पुसल्यावर रित्या झालेल्या जागीं मन कोणाला बसवितें, हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्यानें एक मूर्ति फोडून दुसरी घडविली, एवढेंच म्हणावें लागतें.