पाहुण्या संगणकाचं बिऱ्हाड

१९९०च्या दशकात छापलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाची मूळ फाइल आज उघडायला घेतली, तर पहिली अडचण ती उघडण्याचीच असते. पानं जुळवण्याचं त्या काळचं सॉफ्टवेअर पेजमेकर नव्या विंडोजवर धड चालत नाही. महत्प्रयासानं मजकूर बाहेर काढला तरी पडद्यावर मराठी दिसत नाही. रोमन अक्षरं, उलटे स्वल्पविराम, टक्क्यांची चिन्हं यांची नुसती खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. ती ज्या संगणकावर जुळवली गेली, तो संगणक आता घरात नसतो.

याचं कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये आहे. एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा. त्या मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेल्या. भारतीय लिप्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं, रफार असे तुकडे बसवले. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती अशा प्रत्येकाची मांडणी वेगळी. इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणित संकेतन १९९१मध्ये आलं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी देवनागरीसह निघाली; पण छपाईच्या कामात फॉन्टच्या खासगी मांडण्याच चालू राहिल्या. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २०००पासून, मंगल फॉन्टसोबत. पेजमेकर मात्र २००१च्या आपल्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत युनिकोडविनाच राहिला. त्या पंधरा-वीस वर्षांतली मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत.

सीमाभागात ही अडचण दुहेरी होते. प्राणहिता नदीच्या पश्चिमेला, गडचिरोली जिल्ह्याच्या समोरच्या अंगाला असलेल्या बेज्जूर या गावाचा पत्ताच किती वेळा बदलला, ते पाहावं. १९५६पर्यंत हैदराबाद राज्य, मराठवाड्याच्या जिल्ह्यांसह एकाच छत्राखाली, मग आंध्र प्रदेश, २०१४पासून तेलंगण, आणि ऑक्टोबर २०१६मध्ये आदिलाबादचं विभाजन झालं तेव्हा कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू, बाजाराची तेलुगू, कित्येक घरांची मराठी, पाड्यांवरची गोंडी आणि कोलामी. तेलुगू डीटीपीतही, म्हणजे संगणकावरच्या पानजुळणीतही, मराठीसारखंच घडलं. तिथे अनु फॉन्ट रुळले, आणि त्यांची मांडणी पुन्हा स्वतंत्र. अशा भागातला द्विभाषिक मजकूर वाचायचा, तर एकाच पानासाठी दोन जुनी कुलपं उघडावी लागतात.

जुन्या यंत्रावरचं काम नव्या यंत्रावर न्यायचे दोन मार्ग आहेत. एक, कामच नव्या यंत्राच्या बोलीत उतरवून घ्यायचं. या मार्गाचा एक मोठा दाखला मुंबईत घडला. १९७४च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला बरोज या अमेरिकी कंपनीचं काम मिळालं. रुग्णालयाच्या हिशेबाचे कोबोल प्रोग्रॅम बरोजच्या एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी बदलून द्यायचे होते. मुंबईच्या माणसांनी ते आयसीएल १९०३ या तिसऱ्याच, ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर पार पाडलं. भारतातून सॉफ्टवेअर निर्यात होण्याची ही अगदी सुरुवातीची कहाणी, आणि ती सुरू होते यंत्रं एकमेकांची बोली जाणत नाहीत इथून.

दुसरा मार्ग काम तसंच ठेवून जुनं यंत्रच नव्या यंत्राच्या पोटात उभं करण्याचा. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, तो हाच.

ही कल्पना घरगुती संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे आयबीएमचं संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली रचली आणि जानेवारी १९६७मध्ये ती कामाला लागली. सिस्टिम/३६०च्या मॉडेल ४०मध्ये फेरफार करून, एकाच संगणकावर १४पर्यंत आभासी संगणक एकाच वेळी चालवता येत. प्रत्येकाला वाटे की २५६ के स्मृती आणि सगळं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. १९७२मध्ये आयबीएमनं व्हीएम/३७० बाजारात जाहीर केलं. ग्राहकाकडे जुनी कार्यप्रणाली चालू असतानाच नवी तपासून पाहण्याची सोय हा त्याचा एक मोठा उपयोग होता. फाइली वाचवू पाहणाऱ्या डीटीपीवाल्याची गरज याहून फार वेगळी नाही.

घरच्या पीसीवर हे यायला मात्र १९९९ उजाडलं, आणि अडसर पैशाचा नव्हता. १९७४मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी एक अट मांडली होती. पाहुण्या, म्हणजे आभासी संगणकातल्या, प्रणालीनं यंत्राच्या मुळाला हात घालणारी आज्ञा दिली, की ती दर वेळी यजमानाच्या, म्हणजे तिला पोटात घेणाऱ्या प्रणालीच्या, कानावर पडली पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या ज्या ही अट मोडत. उदाहरणार्थ पॉपएफ ही आज्ञा. अधिकार नसताना ती दिली, तर प्रोसेसर तक्रार करत नाही. त्यातला महत्त्वाचा भाग चुपचाप गाळून पुढे जातो. पाहुण्याला वाटतं काम झालं, यजमानाला पत्ताच नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून १९९८मध्ये उभ्या राहिलेल्या व्हीएमवेअरनं यावर तोड काढली: पाहुण्याच्या अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घ्यायच्या. मे १९९९मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं. २००५च्या अखेरीस इंटेलनं प्रोसेसरमध्येच व्हीटी-एक्स ही सोय दिली, पाठोपाठ एएमडीनंही. जर्मनीच्या इनोटेकनं जानेवारी २००७मध्ये व्हर्च्युअलबॉक्स हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं. पुढे ते सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीकडे आणि २०१०मध्ये ओरॅकलकडे गेलं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा २०२४पासून मोफत आहे.

मधल्या काळात खुद्द मायक्रोसॉफ्टनंच हा मार्ग राजमार्ग केला होता. २००९मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा त्याच्या प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ देण्यात आला: तयार आभासी संगणक, आत परवान्यासह विंडोज एक्सपी. एप्रिल २०१४मध्ये एक्सपीचं साहाय्य संपलं आणि ती वाटही मागे पडली. आता बिऱ्हाड ज्याचं त्यानं मांडायचं.

ते मांडणं नवशिक्याला जमण्याजोगं आहे. आधी यजमान संगणकाच्या बायोसमध्ये आभासीकरणाची सोय चालू आहे का, ते पाहावं. इंटेलकडे तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर ती एसव्हीएम या नावानं सापडते. डिसेंबर २०१९च्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स तिच्याशिवाय चालतच नाही. पुष्कळांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो आणि दोष उगाच सॉफ्टवेअरला जातो. मग नवं यंत्र तयार करायचं, त्याला नाव द्यायचं, आपल्या जवळच्या परवान्याच्या विंडोज सीडीची आयएसओ प्रतिमा करून ती जोडायची. एक्सपीला ५१२ एमबी स्मृती आणि दहा-पंधरा जीबीची आभासी डिस्क पुरते. ही डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक फाइल. तिची प्रत काढली की अख्खा संगणक खिशात. विंडोज बसली, पेजमेकर बसलं, लिपीचं सॉफ्टवेअर बसलं, की लगेच स्नॅपशॉट घ्यावा. पुढे काहीही बिघडलं तरी त्या क्षणाला परतता येतं. फाइलींची ने-आण करायला सामायिक फोल्डर, त्यासाठी पाहुण्यात व्हर्च्युअलबॉक्सचा गेस्ट अॅडिशन्स हा जोडसंच बसवणं आलं. आणि जुन्या पाहुण्याचं नेटवर्क बंद ठेवावं. सुरक्षेची ठिगळं मिळणं थांबलेली प्रणाली इंटरनेटवर सोडणं म्हणजे कडी नसलेलं दार रस्त्यावर उघडं टाकणं.

खरा तिढा डाँगलचा. भारतीय लिप्यांच्या पुष्कळ सॉफ्टवेअरसोबत हार्डवेअर लॉक येई. तो संगणकाला लावल्याशिवाय कीबोर्ड मराठी बोलत नसे. लॉक यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधून तो पाहुण्याच्या हाती देता येतो. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टचा असेल तर नव्या लॅपटॉपवर ते भोकच नसतं, आणि साधं रूपांतर करणारी केबल बहुधा प्रिंटरपुरतीच उपयोगी पडते. म्हणून जुने लॉक असलेल्या मुद्रणालयांनी पॅरलल पोर्टचा एखादा चालू संगणक भंगारात देण्याची घाई करू नये. सगळंच आभासी होत नाही.

फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर आहेत की, मग एवढा खटाटोप कशाला? असा प्रश्न येतो. कन्व्हर्टर हवेतच. पण पहिल्या वेलांटीपाशी ते ठेचकाळतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी अक्षराआधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’सारख्या शब्दात ती उचलून नेमकी कुठे ठेवायची, हे जोडाक्षर कुठे संपतं ते कळल्याशिवाय ठरत नाही. रफाराचं उलट: जुन्या मांडणीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘मूर्ती’, ‘कर्त्यांनी’ अशा शब्दांत चूक राहिली, तर ती हजारो पानांत राहते. बदललेला मजकूर कशाशी ताडून पाहायचा? छापील प्रत हाती नसेल तर मूळ फाइल मूळ फॉन्टमध्ये उघडूनच. म्हणून आधी आभासी यंत्रात फाइल उघडून पानांची पीडीएफ काढावी, तिला प्रमाण मानावं, आणि मग कन्व्हर्टरचा मजकूर तिच्याशी शब्दाशब्दानं लावून पाहावा. दोन्ही मार्ग हातात हात घालून चालले तरच मजकूर शाबूत उतरतो.

हेच तंत्र उलट दिशेनंही चालतं, आणि त्याचं निमित्त जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहे. नारनूर मंडळातल्या गुंजाला गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं मिळाली. हैदराबादचे जयधीर तिरुमल राव आणि इतर अभ्यासकांनी ती प्रकाशात आणली. जून २०१८च्या युनिकोड ११मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावानं ती लिपी दाखल झाली. तिच्या आधी एक वर्ष गोंडीचीच दुसरी लिपी, मसराम गोंडी, आली होती. २००१च्या विंडोजला यातलं एकही अक्षर ठाऊक नाही. त्याच लॅपटॉपवर दुसरा आभासी संगणक उभा करून ताजं लिनक्स टाकलं, नोटो कुळातला गुंजाला गोंडी फॉन्ट बसवला, की ती अक्षरं पडद्यावर डावीकडून उजवीकडे उमटतात. शेजारच्या खिडकीत एक्सपी चालू असते, आणि तिच्यात पेजमेकरचं मराठी पान उघडं.