मॅथ्यूज डोंगररांगेतील हत्ती आणि त्यांचे शेजारी

केनियाच्या उत्तरेला सांबुरू परगण्यात मॅथ्यूज डोंगररांगेच्या पायथ्याशी नामुन्याक हे संरक्षित क्षेत्र पसरले आहे. केनियात अशा क्षेत्राला कन्झर्व्हन्सी म्हणतात. नामुन्याकचा विस्तार सुमारे साडेआठ लाख एकर आहे, पण ते सरकारी अभयारण्य नाही. जमीन सांबुरू पशुपालकांच्या सामायिक हक्काची असून तिच्यावर त्यांची गुरे, शेळ्या आणि उंट चरतात. याच जमिनीवर परदेशी पर्यटकांसाठी सारारा हे महागडे सफारी लॉज आहे आणि त्याच्या शेजारी रेतेती हे हत्तींच्या पोरक्या पिल्लांचे आश्रयस्थान आहे. लॉज आधी आले, आश्रयस्थान जवळजवळ वीस वर्षांनी. मधल्या काळात या मुलखाचा हत्तींशी असलेला व्यवहार पार बदलला.

डोंगररांगेचे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. १८८८ मध्ये काउंट तेलेकी या हंगेरियन सरदाराचा काफिला तुर्काना सरोवराच्या शोधात इथून गेला. त्याने झांझिबारच्या सुलतानाचा सेनापती लॉइड मॅथ्यूज याचे नाव या डोंगरांना दिले. सांबुरू लोक त्यांना लेंकियो म्हणतात. रांगेतले सर्वांत उंच शिखर वार्गेस सुमारे २,६८८ मीटर आहे. वर ढग अडवणारे दाट जंगल आणि खाली काटेरी झुडपांचा कोरडा माळ, असा हा प्रदेश आहे. पावसाळ्यात हत्ती खालच्या माळावर उतरतात आणि कोरड्या दिवसांत डोंगराचा आधार घेतात.

तेलेकीच्या मागोमाग हस्तिदंताचे शिकारी आले. आर्थर न्यूमन या इंग्रज शिकाऱ्याने १८९० च्या दशकात याच भागात तळ ठोकून हत्ती मारले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. पूर्व आफ्रिकेचा दात किनाऱ्यावर आणि झांझिबारला पोहोचे. तिथून त्याचा मोठा वाटा मुंबई बंदरात उतरे, कारण पश्चिम भारतात नववधूच्या हातातल्या बांगड्यांना आफ्रिकन दात लागे. तो भारतीय दातापेक्षा आकाराने मोठा असल्यामुळे त्यातून रुंद बांगडी निघत असे. लंडनला जाणारा मालही बराचसा मुंबईहूनच पुढे जाई. या व्यापाराची नाळ आपल्या किनाऱ्याशीही जुळलेली होती, हे इथे विसरून चालत नाही.

ब्रिटिश अमलात केनियाचा उत्तर सीमाभाग बंद प्रदेश ठरवला गेला. परवान्याशिवाय तिथे ये-जा करता येत नसे. रस्ते, शाळा, दवाखाने दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आले आणि उत्तरेला पोलीस चौक्या. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच सुमारास सोमाली फुटीरांचे बंड उसळले आणि ते १९६७ पर्यंत चालले. बंड शमले, पण बंदुका मागे राहिल्या. सोमालियातल्या पुढच्या युद्धांनी त्यांत आणखी भर घातली. दुष्काळात गुरे मेलेल्या तरुणाच्या हाती स्वयंचलित रायफल असेल आणि एका दाताला वर्षाच्या कमाईएवढा दाम मिळत असेल, तर पुढे काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली, तरी चोरट्या शिकारीवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. १९७३ मध्ये देशात सुमारे १,६७,००० हत्ती असावेत असा अंदाज होता. १९८९ पर्यंत ही संख्या वीस हजारांच्या आसपास आली. मॅथ्यूज रांगेतला काळा गेंडा तर पूर्णपणे संपला. १९८९ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी नैरोबीत १२ टन हस्तिदंताची होळी केली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हस्तिदंत व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. वाचलेले हत्ती सरकारी उद्यानांच्या आणि पहारा असलेल्या खासगी रँचच्या आसऱ्याला गेले.

अशा रँचपैकी एक लेवा. क्रेग कुटुंबाच्या या गुरांच्या रँचमध्ये १९८० च्या दशकात गेंड्यांसाठी कुंपण घातलेला भाग राखला गेला आणि १९९५ मध्ये सगळी रँचच कन्झर्व्हन्सी झाली. इयन क्रेग यांच्या लक्षात आले की हत्ती कुंपण ओळखत नाहीत. लेवातून बाहेर पडले की ते सांबुरू किंवा मसाई लोकांच्या चराऊ जमिनीवर जातात आणि तिथे त्यांना राखणारा कोणीच नसतो. उपाय दोनच होते: कुंपण वाढवत नेणे, किंवा जमीन ज्यांची त्यांनाच राखणदार करणे. नामुन्याक हे दुसऱ्या उपायाचे सुरुवातीचे उदाहरण आहे. १९६८ च्या कायद्याने पशुपालकांच्या सामायिक जमिनींची ‘ग्रुप रँच’ म्हणून नोंद झाली होती, त्यामुळे करार कोणाशी करायचा हा प्रश्न निदान कागदावर तरी सुटलेला होता. गावच्या तरुणांना वनरक्षक नेमले, वायरलेस संच दिले आणि वयोवृद्धांच्या सभेने हत्ती मारणाऱ्याला थारा न देण्याचे ठरवले.

राखणदारांना पगार द्यायला पैसा हवा होता. त्यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सारारा तंबूनिवास उभा राहिला. मोजकेच तंबू, खडकातच साधलेला पोहण्याचा तलाव आणि त्याखाली हत्तींचा पाणवठा, अशी त्याची रचना आहे. पाहुण्याने पाण्यात उभे राहून पाण्यावर आलेले हत्ती पाहावेत, ही त्यामागची कल्पना. निवासाची मालकी समाजाची आणि चालवणारे बाहेरचे. पर्यटकाने भरलेल्या रकमेतला ठरलेला वाटा कन्झर्व्हन्सीकडे जातो आणि त्यातून वनरक्षकांचे पगार, शाळेची फी, दवाखान्याचा खर्च भागतो. थोड्या पाहुण्यांकडून भरपूर पैसे घेणे हा या व्यवस्थेचा पाया आहे. शंभर खोल्यांचे हॉटेल इथे उभे राहिले असते तर पाणी पुरले नसते, आणि गुरांनाही चरायला जागा उरली नसती. २००४ मध्ये अशा समाजसंस्थांची छत्रसंस्था म्हणून नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट स्थापन झाला आणि हाच नमुना उत्तर केनियात पसरला.

साराराच्या परिसरातली ‘गाणाऱ्या विहिरी’ ही प्रथा पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे. कोरड्या दिवसांत सांबुरू पुरुष वाळूच्या नदीपात्रात खोल विहिरी खणतात. एकाच्या वर एक असे ते विहिरीत उभे राहतात आणि बादल्या हातोहात वर देत गुरांचे हौद भरतात. प्रत्येक कुटुंबाचे गाणे वेगळे असते. शेकडो गुरे एका जागी असली तरी प्रत्येक कळप आपल्याच गाण्याला ओळखून आपल्या विहिरीकडे येतो. पाणी उपसणारे उघड्या अंगाने काम करतात, म्हणून पाहुण्यांना तिथे छायाचित्रे घेता येत नाहीत. माणसे आणि गुरे परतली की रात्री हत्ती त्याच पात्रात पाणी शोधायला उतरतात.

आणि इथेच पिल्ले पडतात. मोठ्या हत्तीची सोंड पोहोचते, पण पिल्लू कडेवरून घसरले की त्याला वर येता येत नाही. आई आणि कळप रात्रभर खटपट करतात आणि उजाडल्यावर माणसांची चाहूल लागली की निघून जातात. पोरके होण्याची कारणे अर्थात आणखीही आहेत: चोरटी शिकार, दुष्काळ, माणसांशी संघर्ष. पूर्वी अशी पिल्ले नैरोबीला १९७७ मध्ये स्थापन झालेल्या शेल्ड्रिक ट्रस्टच्या शिशुगृहात पाठवली जात आणि वाढल्यावर दक्षिणेकडच्या त्सावो उद्यानात सोडली जात. जीव वाचे, पण पिल्लू आपल्या मुलखाला आणि आपल्या नातलग कळपांना कायमचे मुके. हत्तिणीचे आयुष्य मावश्या-आज्यांच्या कळपात जाते, हे लक्षात घेतले तर हा तोटा लहान नाही.

रेतेती आश्रयस्थान २०१६ मध्ये सुरू झाले. समाजाच्या मालकीचे आणि समाजानेच चालवलेले हत्तींचे हे आफ्रिकेतील पहिले आश्रयस्थान मानले जाते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केनियाने १०५ टन हस्तिदंत जाळले होते. शिकारीची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. एकट्या २०१२ मध्ये देशात ३८४ हत्ती चोरट्या शिकारीत मारले गेले होते. रेतेतीचा पहिला नियम असा की पिल्लू सापडले तर आधी कळपाचा शोध घ्यायचा आणि त्याला आईकडे परत पोहोचवायचे. ते जमले नाही तरच त्याला आश्रयस्थानात आणायचे. भारतीय वाचकाच्या मनात हत्ती म्हटले की माहूत, अंकुश आणि साखळदंड येतात. इथे त्यांपैकी काहीच नाही. पिल्लांना शिकवले जात नाही आणि त्यांच्याकडून काम घेतले जात नाही. दिवसा ती राखणदारांबरोबर झुडपांत चरतात, रात्री गोठ्यात येतात आणि वाढली की टप्प्याटप्प्याने रानात सोडली जातात. सोडण्याची मुख्य जागा शेजारची सेरा कन्झर्व्हन्सी आहे. २०१५ मध्ये काळे गेंडे पुन्हा आणले गेले ते याच सेरात.

खरा पेच दुधाचा होता. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा असतो आणि पिल्लू पहिली दोन वर्षे दुधाशिवाय जगू शकत नाही. त्याला दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटली द्यावी लागते. गाईचे दूध त्याला पचत नाही. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी अनेक वर्षांच्या अपयशानंतर खोबरेल तेल घालून केलेले मिश्रण शोधले, तेव्हा कुठे दूधपिती पिल्ले जगू लागली. रेतेतीतही सुरुवातीला माणसांच्या तान्ह्या बाळांसाठीची दूधभुकटी वापरली जाई. ती आयात करावी लागे आणि महाग पडे. २०२० मध्ये साथ आली, विमाने थांबली, पर्यटक थांबले आणि भुकटीचा पुरवठाही बिघडला. तेव्हा आश्रयस्थानाने शेळीच्या दुधाचा प्रयोग केला. आसपासच्या बायका आपल्या शेळ्यांचे दूध विकू लागल्या. ते निर्जंतुक करून त्यात पूरक घटक मिसळले जातात. पिल्लांना ते मानवले आणि खर्चही घटला. सांबुरू समाजात गुरांवर पुरुषांचा हक्क चालतो, पण दूध काढणे आणि वाटणे बायकांच्या हाती असते. त्यामुळे दुधाचे पैसे थेट त्यांच्या हातात आले. लॉजच्या किंवा वनरक्षकाच्या नोकरीत नसलेल्या घरांना हत्तींपासून मिळालेला हा बहुधा पहिला रोख पैसा. आश्रयस्थानाने हत्तींच्या देखभालीसाठी बायकांना नेमले होते, हीसुद्धा केनियात नवी गोष्ट होती.

नंतरची वर्षे कसोटीची गेली. २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच हंगाम पाऊस कमी पडला. २०२२ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती दुष्काळाने मेले, असे सरकारने जाहीर केले. चोरटी शिकार आटोक्यात आल्यामुळे २०२१ च्या गणनेत देशातील हत्ती ३६,२८० भरले होते. आता मात्र पाणी आणि चाऱ्याची टंचाई हेच पोरकेपणाचे मुख्य कारण ठरू लागले. पर्यटन पुन्हा सुरू झाल्यावर साराराच्या चालकांनी आश्रयस्थानालगत रेतेती हाउस हे एकाच कुटुंबाला किंवा मित्रमंडळीला भाड्याने मिळणारे खासगी निवासस्थान उभारले. पाहुण्यांचे निवासस्थान आणि आश्रयस्थान आता खऱ्या अर्थाने एकमेकांचे शेजारी आहेत.

या सगळ्यावर टीकाही आहे आणि ती वरवरची नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील ओकलंड इन्स्टिट्यूटने नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्टवर आरोप केला की कन्झर्व्हन्सीच्या नावाखाली पशुपालकांची चराई आक्रसते आणि निर्णय बाहेरचे घेतात. ट्रस्टने तो नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये इसिओलो येथील जमीन न्यायालयाने त्या परगण्यातील बिलिको बुलेसा आणि चेराब या दोन कन्झर्व्हन्सी लोकांच्या योग्य सहभागाशिवाय, बेकायदा स्थापन झाल्याचा निकाल दिला. नामुन्याक त्या खटल्यात नव्हते, पण निकालाने उठवलेला प्रश्न सगळीकडे लागू आहे. त्याच सुमारास अमेरिकी सरकारने परदेशी मदत रोखली आणि ट्रस्टचा मोठा देणगीदार असलेली यूएसएड संस्था मागे हटली. देणगी कमी झाल्यावर लॉजच्या उत्पन्नाचे महत्त्व वाढते आणि ते वाढले की लॉजशी कोणी आणि कसा करार करायचा याचेही. २०१६ च्या सामुदायिक जमीन कायद्याप्रमाणे जुन्या ग्रुप रँचना नव्याने समाज म्हणून नोंद करावी लागते, आणि अशा जमिनीवरच्या गुंतवणुकीचा कोणताही करार समाजाच्या सभेत दोनतृतीयांश प्रौढ सदस्यांनी मान्य केला तरच वैध ठरतो.