पोस्त, बोनस आणि भेटकार्ड

माझ्या टेबलाच्या खणात एक भेटकार्ड पडून आहे. सोनेरी रंग, वर पणतीचे चित्र, मागे काळी पट्टी. ज्या कंपनीच्या हिशेब खात्यात मी ३१ वर्षे काढली, तिने माझ्या निवृत्तीच्या आदल्या दिवाळीत ते हातावर ठेवले. किंमत ४,९९९ रुपये, मुदत एक वर्ष. त्याच वर्षी आमचे दिवाळीचे सानुग्रह अनुदान बंद झाले होते. घरी आल्यावर पत्नीने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "बोनसच्या बदल्यात का?" मी म्हणालो, "नाही, भेट आहे." तिने दुसरा प्रश्न विचारला, "मग एक रुपया कमी का?"

आपल्याकडे देण्याच्या रकमेवर एक रुपया चढवतात. ५१, १०१, ५०१. आहेराच्या पाकिटावर तो नाण्याच्या रूपाने चिकटवलेलाच मिळतो. एक रुपया उतरवून दिलेली भेट मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. त्या रुपयाचे कारण मला ठाऊक होते, पण ते सांगायला बराच मागचा पल्ला गाठावा लागेल.

भेटकार्ड ही चांगली भेट आहे का, यावर पुढच्या भाऊबीजेला आमच्या घरी वाद झाला. भाचीचे म्हणणे, "मामा, कार्ड देणे म्हणजे विचार करण्याचा कंटाळा." पुतण्याचे म्हणणे, नको असलेल्या तिसऱ्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा कार्ड केव्हाही बरे. दोघांचे म्हणणे मला पटले आणि दोघांचेही अपुरे वाटले. देणारा आणि घेणारा हे एका पाटावर बसलेले आहेत असे धरून दोघे बोलत होते. ओवाळणीच्या ताटापुरते ते खरे आहे. पण अशी कार्डे नोकरीच्या ठिकाणीही मिळतात, आणि तिथे पाट एक नसतो.

आधी ताटाविषयी. रोख पैसे भेट म्हणून देण्यात मराठी माणसाला कधी संकोच वाटलेला नाही. ओवाळणीत नोट पडते, मुंजीत बटूच्या झोळीत नाणे पडते, लग्नात पाकिटे येतात आणि कोपऱ्यात बसलेला काका वहीत नाव व आकडा लिहून घेतो. आमच्या आईची अशी वही मी जपून ठेवली आहे. 'स्टीलचा डबा', 'खणनारळ' आणि 'रु. ११' या नोंदी तिच्यात एकाखाली एक आहेत. कुठली नोंद हलकी, कुठली भारी असा भेद नाही. त्या घरी कार्य निघाले की आई वही काढायची आणि तेवढेच, किंवा थोडे वाढवून परत करायची. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली भेटीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे की भेट वरकरणी ऐच्छिक असते, पण ती देणे, घेणे आणि फेडणे तिन्ही बंधनकारक असते. आईला हे ठाऊक होते.

पाश्चात्त्यांकडे मात्र रोख भेट अवघड जागची. पैसे मजुराला द्यायचे, नोकराला बक्षीस म्हणून द्यायचे. मित्राला कसे द्यावे? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत या संकोचातून कसकशा वाटा काढल्या गेल्या, हे व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडले आहे. पैशांना सजवायचे, वेष्टनात घालायचे, दुकानाच्या प्रमाणपत्राचे रूप द्यायचे, म्हणजे ते पैसे वाटू नयेत.

या वाटांपैकी मला सर्वांत आवडते ती इंग्लंडमधली ग्रंथ-कूपनांची. हॅरॉल्ड रेमंड हे 'चॅटो अँड विंडस' या प्रकाशनसंस्थेतले भागीदार. नाताळच्या भेटींच्या ढिगात पुस्तके फारच थोडी असतात, हे त्यांच्या लक्षात आले. कारण उघड होते. घेणाऱ्याने काय वाचले आहे हे देणाऱ्याला माहीत नसते. रेमंड यांनी उपाय सुचवला. पुस्तकविक्रेत्यांनी आधी नाके मुरडली, आणि अखेर १९३२ साली ही कूपने निघाली. एक शोभिवंत कार्ड, त्यावर ठरावीक किमतीचे तिकीट चिकटवलेले. एका गावच्या दुकानात घ्यावे, दुसऱ्या गावच्या दुकानात वटवावे. या कूपनावर अट होती, पण त्या अटीतच देणाऱ्याचे मन होते. 'तू वाच, काय वाचायचे ते तू ठरव' असे ती अट म्हणत असे. माझ्या भाचीने हे कूपन पाहिले असते, तर कंटाळ्याचा आरोप तिने मागे घेतला असता असे वाटते.

अट नको, थेट रोखच द्या, असे सांगणारेही भेटले. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारले की नाताळात मिळालेल्या वस्तूंची किंमत किती असेल, आणि त्या तुम्ही स्वतः किती पैशांना घेतल्या असत्या. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे भेटीत वाया गेलेले मूल्य. ते एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत निघाले. जवळच्या मित्रांच्या भेटींत कमी वाया जात होते, दूरच्या नातलगांच्या भेटींत जास्त. आजी-आजोबांना हे बहुधा कळत असावे, कारण रोख देण्याकडे त्यांचा कल इतरांहून अधिक होता. घड्याळांच्या बाबतीत पुतण्याची बाजू शास्त्रशुद्ध ठरली. पण ज्याला आपण ओळखत नाही त्याला कार्ड द्यावे, एवढ्यावर हा हिशेब थांबतो. ज्याच्यावर आपली सत्ता आहे त्याला काय द्यावे, हा प्रश्न त्यात येत नाही.

तो प्रश्न फार जुना आहे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी नजर केली ती रोख. औरंगजेबाने त्या दिवशी खिलती वाटल्या त्या वस्त्रांच्या, आणि त्या शाहजाद्यांना, वजिराला, जसवंतसिंहाला मिळाल्या, महाराजांना नाही. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष फक्त दिशेकडे आहे. नाणे खालून वर गेले, वस्त्र वरून खाली आले. काय द्यायचे, कोणाला द्यायचे, द्यायचे की नाही, हे वरच्याने ठरवायचे.

घरगडी, न्हावी, धोबी यांना सणाला मिळणाऱ्या रकमेला मराठीत पोस्त म्हणतात. आता हा शब्द मागे पडला, पण आमच्या लहानपणी पोस्टमन 'दिवाळीची पोस्त' मागायला दारात उभा राहायचा. पोस्त मागता येते, पण हक्काने वसूल करता येत नाही. तरीही दरवर्षी दिलेली पोस्त एखाद्या वर्षी बंद केली, तर मागणाऱ्याला आपले काही हिरावल्यासारखे वाटते. सवयीचा हक्क होतो का, हा वाद मुंबईच्या गिरण्यांत एकदा रस्त्यावर आला.

त्याआधी थोडे इंग्लंडचेच. ज्या देशाने ग्रंथ-कूपने काढली, त्याच देशाने शंभर वर्षे आधी, १८३१ साली, 'ट्रक अ‍ॅक्ट' करून मजुरी कूपनांत किंवा वस्तूंत देण्याला बंदी घातली होती. खाणमालक आणि कारखानदार मजुरांना चिठ्ठ्या देत. त्या मालकाच्याच दुकानात चालत, आणि तिथे पीठ महाग व निकृष्ट असे. डिझरायली यांच्या 'सिबिल' या १८४५ च्या कादंबरीत अशा दुकानाचे चित्र आहे. कागद तोच, अटही तीच: इथेच खर्च कर. आत्याने दिला तर तो जिव्हाळा, मालकाने पगार म्हणून दिला तर लूट. आपल्याकडे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने वेतन चलनी नाण्यांत वा नोटांतच देण्याचे बंधन घातले. तोवर मुंबईच्या काही गिरण्यांत विणताना डाग पडलेले कापड विणकऱ्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची रीत होती. माझे आजोबा साचेखात्यात होते. असे एक कापड आमच्या घरी पुढे कितीतरी वर्षे चादर म्हणून वापरात होते. आजी त्याला 'मालकाचा आहेर' म्हणायची.

पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या तेजीत गिरण्यांनी अमाप नफा कमावला. त्यातून कामगारांना काही वर्षे वार्षिक बोनस मिळाला, साधारण एका महिन्याच्या पगाराएवढा. मग मंदी आली. १९२३ च्या वर्षाचा बोनस मिळणार नाही असे मालकांनी जाहीर केले. मालक म्हणाले, ती आमची खुशी होती. कामगार म्हणाले, ती आमची मिळकत होती. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला आणि बघता बघता दीड लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. मुंबई सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्चमध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा अंमलात आणता येईल असा कोणताही हक्क शाबीत होत नाही. रूढीनेही नाही, कायद्यानेही नाही, न्यायबुद्धीनेही नाही. मार्च संपता संपता उपाशी माणसे कामावर परतली. बोनस ही पोस्तच ठरली.

त्या निर्णयाला उलटायला ४१ वर्षे लागली. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने गिरणी मालकांच्याच एका खटल्यात बोनस मोजण्याचे सूत्र घालून दिले, १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला, आणि १९६५ साली बोनस कायदा झाला. नफा असो वा नसो, किमान ४ टक्के. पुढे तो आकडा ८.३३ टक्क्यांवर गेला, आणीबाणीत पुन्हा ४ वर आणला गेला, १९७७ मध्ये परत ८.३३ झाला. हा विचित्र आकडा म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाच्या पगारातला एक महिना. १९२४ साली नाकारलेला तोच महिना! ऑक्टोबर १९८१ मध्ये गिरणगावात ठिणगी पडली तीही बोनसच्याच आकड्यावरून, आणि १८ जानेवारी १९८२ चा संप तिच्यातून पेटला. त्याची राख आमच्या चाळीने पुढे अनेक वर्षे झाडली.

१९६५ च्या कायद्यात एक छोटे कलम होते. बोनसची रक्कम रोखच द्यावी लागेल. ज्यांनी ते लिहिले, त्यांना डागी कापडाची गोष्ट ठाऊक असणार, असे मला उगीच वाटते.

आता त्या एका रुपयाकडे येतो. तो बोनस कायदा ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच लागू होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. आम्ही त्या रेषेच्या वरचे, म्हणून आम्हाला मिळायचे ते सानुग्रह अनुदान. नावातच अनुग्रह आहे, म्हणजे पोस्तच. ते रोख मिळत असे आणि पगारासारखाच त्यावर कर कापला जाई. पण १९६२ च्या आयकर नियमांत अशी सोय होती की मालकाने वर्षभरात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू, किंवा वस्तूऐवजी व्हाउचर दिले, तर नोकराच्या दृष्टीने त्याचे मूल्य शून्य धरायचे. तेवढीच रक्कम रोख दिली की ते उत्पन्न. या नियमातल्या 'पेक्षा कमी' या दोन शब्दांवर आमच्या खात्याने बोट ठेवले आणि एक रुपया उतरवला. त्या कागदावर तपासनीस म्हणून सही माझीच होती.

असे कार्ड घेऊन मी दुकानात गेलो. ४,६६० रुपयांचे सामान झाले, ३३९ उरले. उरलेले रोख द्या म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा हसला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने काढलेल्या भेटकार्डाची कमाल मर्यादा १०,००० रुपये, किमान मुदत एक वर्ष, आणि त्यातून रोख काढता येत नाही. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेल्या कार्डाला तर रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही. अमेरिकेत अशा मुदतींविरुद्ध इतकी ओरड झाली की २००९ च्या कायद्याने कार्डाला किमान पाच वर्षे जगू द्यावे असे ठरले. न वापरता संपलेल्या शिलकीला हिशेबाच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात आणि ती शेवटी कार्ड विकणाऱ्याच्या उत्पन्नात जमा होते. माझे ३३९ रुपये कोणाच्या तरी ताळेबंदात उत्पन्न म्हणून बसले असतील. तिथे तपासनिसाची सही कोणाची, कोण जाणे.

भाऊबीजेला मी भाचीला पुस्तकांच्या दुकानाचे कार्ड दिले. ती काय वाचते याचा मला पत्ता नाही, पण वाचते एवढे माहीत आहे. कामवाल्या मावशींना पाकीट दिले, रोख, एका महिन्याच्या पगाराएवढे. पत्नीने आठवण केल्यावर वर एक रुपया ठेवला.

वडीलही आजोबांच्या मागोमाग गिरणीत लागले होते. बोनसच्या दिवशी ते पाळी संपवून आले की हातपाय धुऊन नोटा देवापुढे ठेवत, मग आईच्या हातात देत. आई तिथेच बसून वाटे करायची: वाण्याची उधारी, रवा-साखर, आम्हा भावंडांचे कपडे, गावी आजीला मनीऑर्डर. त्याआधी वडील त्यातली दहाची एक नोट काढून शर्टाच्या वरच्या खिशात घालत. तिचे त्यांनी काय केले, हे आईने कधी विचारले नाही.