अन्नाची पेढी

पाच भाकरींनी पाच हजारांची तृप्ती झाल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडेही गोळा करविले. बारा टोपल्या भरल्या. उरलेल्या अन्नाची ही कदर विसाव्या शतकात एका शहराने पुन्हा अनुभवली.

अमेरिकेतील फीनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या अन्नछत्रात सेवा करीत. तेथे त्यांना एक लेकुरवाळी माता भेटली. किराणा दुकानामागच्या कचरापेटीतील चांगले अन्न वेचून ती मुलांना जगवीत होती. पैशासाठी बँक असते, तशी टाकून दिल्या जाणाऱ्या अन्नासाठीही असावी, असे तिने सुचविले.

हेंगेल यांनी ही कल्पना सेंट मेरी धर्मग्रामापुढे मांडली. धर्मग्रामाने ३,००० डॉलर व एक जुनी इमारत दिली आणि १९६७ साली जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. विक्रेत्यांकडील शिल्लक माल तेथे जमा होई. सेवासंस्था तो नेऊन गरजूंना देत. पहिल्याच वर्षी ३६ संस्थांना दोन लाखांहून अधिक पौंड अन्न मिळाले. १९८४ साली ही प्रथा फ्रान्सला पोहोचली.

२००५ साली हेंगेल निवर्तले. संस्थापक म्हणून त्यांचे नाव राहिले. कल्पना मात्र त्या मातेची होती. आपल्या सणालग्नाच्या पंगती उठल्यावर उरलेल्या टोपल्या कोणाच्या दारी जातात?