एक कनेक्शन, चार घरं

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचा तर बोअरवेल, पाण्याची टाकी, गळकी गच्ची, गणपती आणि रंगकाम हे सगळं येणारच. त्यावर इतर मंडळी लिहीत आहेत. मी एका निळ्या वायरीविषयी लिहिणार आहे. बी विंगच्या जिन्यातल्या डक्टमधून ही वायर जवळजवळ तीन वर्षं दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेलेली होती. आजच्या मुलांना ती ठाऊक नाही, कारण आता घरोघरी स्वतःचं कनेक्शन आहे. पण एका घरचं इंटरनेट चार घरांनी वापरायची पद्धत कशी सुरू झाली, कशावर अडली आणि कशी संपली, हे कुठेतरी नोंदलेलं असावं असं मला वाटतं. 'सहकारी' हा शब्द आपल्या पाटीवर आहेच. कधीकधी तो उपविधींच्या बाहेरही खरा होतो.

दारावरून जाणारी साधनं

कर्जत-खालापूर भागाची एक जुनी गंमत आहे. मोठी साधनं आपल्या दारावरून लवकर गेली, घरात मात्र उशिरा आली. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली पुण्याकडे गेली. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. आपल्याच तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांवर दिवा लागायला त्यानंतर अनेक दशकं जावी लागली. द्रुतगती मार्गही आपल्या शेजारून जातो, पण तो मुंबई आणि पुणे जोडण्यासाठी. इंटरनेटचंही तसंच झालं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली ओळख मात्र सायबर कॅफेत झाली, तासाचे पैसे मोजून. नंतर ज्यांच्याकडे फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही होते त्यांनी डायल-अप घेतलं. मोडेमची ती किरकिर ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. नेट चालू असेपर्यंत फोन बंद. वेग कागदावर सेकंदाला ५६ किलोबिट. आठाने भागलं की ७ किलोबाइट. पाच एमबीचं एक गाणं उतरायला बारा मिनिटं, तीही लाईन मध्येच तुटली नाही तर.

शेजाऱ्याचं कनेक्शन वापरणं आपल्याला नवीन नव्हतं. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं तेव्हा लग्नपत्रिकेतसुद्धा फोन नंबरापुढे 'पीपी' छापलेलं असायचं. फोन शेजाऱ्यांचा, हाक मारून बोलावणारेही तेच. रविवारी सकाळी 'रामायण' पाहायला ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांच्याकडे अर्धी चाळ बसायची. त्यामुळे २००६ मध्ये आमच्या घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा शेजारी विचारायला आले यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

कॉम्प्युटर झाला वॉचमन

सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केलं. टेलिफोनचीच तांब्याची तार, पण बोलणं खालच्या कंपनांवर आणि डेटा वरच्या कंपनांवर. मध्ये एक छोटी डबी, तिचं नाव स्प्लिटर. फोन चालू आणि नेटही चालू, याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं!

चार घरं म्हणजे आमचं, समोरच्या शिक्षक दांपत्याचं, आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी-आजोबांचं आणि चौथ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांचं. आजी-आजोबांचा मुलगा अमेरिकेत होता. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. गरज प्रत्येकाची वेगळी, तार एक.

सुरुवातीला राउटर नव्हता. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, एका कॉम्प्युटरचं नेट दुसऱ्यांना वाटून देण्याची सोय आलेली होती. आमच्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लावली. एकात मोडेमची वायर, दुसऱ्यातून स्विचच्या डबीकडे आणि तिथून तिन्ही घरांकडे. वायरीच्या टोकाला ती पारदर्शक प्लॅस्टिकची पिन बसवायची म्हणजे आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने लावून पक्कडने दाबायच्या. एक रंग चुकला की सगळं मुकं. शिक्षक सरांनी ती पक्कड स्वतःच्या खिशातून आणली होती आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलं.

हे चालायचं कसं ते सोसायटीच्याच भाषेत सांगतो. बाहेरच्या जगाला आमचा एकच पत्ता दिसे. आत मात्र प्रत्येक कॉम्प्युटरला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी नंबर. पोस्टमन सगळं टपाल गेटवर देतो आणि वॉचमन फ्लॅट नंबर बघून ज्याचं त्याला पोचवतो, तसं काम आमचा कॉम्प्युटर करत होता. जगभरात तेव्हाच्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून असे आतले खासगी नंबर १९९० च्या दशकात ठरवून ठेवले गेले. म्हणजे आपण जिन्यात जे करत होतो त्याच युक्तीवर जगातली बहुतेक घरं आणि कचेऱ्या चालत होत्या, आजही चालतात.

अडचण एकच. वॉचमन जागा हवा. आमचा कॉम्प्युटर बंद तर चारही घरं बंद. भारनियमनाचे दिवस ते. वीज परत आली की दोन मिनिटांत दारावर टकटक, "वहिनी, कॉम्प्युटर लावता का जरा?" आमच्या घरात तो कॉम्प्युटर पाण्याच्या पंपासारखा झाला होता. आमच्या उपयोगापेक्षा इतरांसाठीच जास्त चालू असायचा.

हिशेबाची वही

खरा प्रश्न पैशाचा होता. प्लॅन महिना पाचशेचा. चार घरं, प्रत्येकी सव्वाशे, इतकं सोपं वाटलं. पण अशा प्लॅनमध्ये डेटा साधारण एखादा जीबी, त्यावर प्रत्येक एमबीला वेगळा आकार. रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. आपल्याकडे पहाटेच्या लोकलला जाणारी मंडळी भरपूर, त्यामुळे उठल्याबरोबर आधी डाउनलोड लावायचं आणि मग गॅसवर चहा ठेवायचा, अशी काही घरांची दिनचर्याच झाली.

जानेवारी २००७ पासून वेग २ एमबीपीएस झाला. ऐकायला छान, पण हिशेब करून पाहा. २५६ केबीपीएसने एक जीबी संपायला नऊ तास लागायचे. दोन एमबीपीएसने तोच जीबी साधारण सत्तर मिनिटांत संपतो. नळाची तोटी मोठी झाली, टाकी तेवढीच राहिली. त्या उन्हाळ्यात चारपैकी एका घरी पाहुणे आले, मुलांनी भरदिवसा सिनेमे उतरवले आणि बिल चौपट आलं.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सर्वांना चहाला बोलावलं. त्यांचं म्हणणं शांत होतं. आम्ही रविवारी अर्धा तास मुलाशी बोलतो, नातवाला बघतो. सव्वाशे रुपये देतो, त्याची तक्रार नाही. पण सिनेमाचे पैसे आम्ही का द्यावेत? कुणी कमी-जास्त बोललं नाही, पण चहा थंड झाला. त्या व्यवस्थेत कुठल्या घराने किती वापरलं हे मोजायची सोय नव्हती. शेवटी सरांनी तोड काढली. आजी-आजोबांनी पन्नास द्यायचे, बाकीच्या तिघांनी दीडशे-दीडशे, आणि मर्यादेपलीकडे जे येईल ते तिघांनीच वाटून घ्यायचं. वहीत लिहून चौघांच्या सह्या झाल्या. ती वही माझ्याकडे अजून आहे.

राउटर आला, भिंती आडव्या आल्या

२००७ च्या दिवाळीला वायरलेस राउटर आणला. आपला देश २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घरात आणि बाहेर विनापरवाना वापरू देऊ लागला तो जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. त्याआधी बाहेरच्या वापराला परवाना लागे. राउटर आल्यावर कॉम्प्युटरची सुटका झाली. लहानशी डबी, वीज नाममात्र, टकटक बंद.

पण आरसीसीचा स्लॅब आणि पाणी यांच्यापुढे या लहरींचं फारसं चालत नाही. समोरच्या घरात नेट उत्तम. वरच्या मजल्यावर बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात बरं, म्हणून आजोबांनी खुर्ची तिथेच नेली. चौथ्या मजल्यावर शून्य. म्हणून निळी वायर राहिली.

जिन्यातली सभा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरी पोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. सानपाडा आपल्यापासून फार लांब नाही. ही बातमी आली आणि 'पासवर्ड' हा शब्द पहिल्यांदा आपल्या वार्षिक सभेत उच्चारला गेला.

आमच्या वाय-फायला पासवर्ड होता, तरी एका ज्येष्ठ सभासदाने दोन प्रश्न मांडले. एक, डक्टमधली खासगी वायर कुणाच्या परवानगीने? दोन, कनेक्शन एकाच्या नावावर, वापरणारे चार. उद्या पोलीस आले तर कुणाच्या दारात? घरगुती कनेक्शन पैसे घेऊन इतरांना देता येत नाही, हेही त्यांनी सुनावलं. सभा तापली. "दहा वर्षं एकमेकांकडे साखर मागतो, तेव्हा परवाना काढला होता का?" असं एका काकूंनी विचारलं आणि हशा झाला. पण त्या गृहस्थांचं म्हणणं हशात उडवण्यासारखं नव्हतं. साखरेच्या वाटीवर नाव नसतं. इंटरनेटवर जे जे होतं त्यावर कनेक्शनधारकाचा पत्ता उमटतो. चार घरांचा एकमेकांवर विश्वास होता. मात्र त्या घरांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा भरवसा द्यायचा झाला तर तो माझ्या नावाने द्यावा लागत होता.

ठरलं असं. जुनी, सहज फुटणारी 'वेप' पद्धत टाकून 'डब्ल्यूपीए २' लावायची. कुठली यंत्रं जोडली आहेत ते वहीत लिहायचं. पैसे घेणं बंद. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःचं कनेक्शन घ्यायचं. वायर लगेच काढा अशीही सूचना होती. तेव्हा आक्षेप घेणारे तेच गृहस्थ उठून म्हणाले, "मुलीचे प्रवेशाचे फॉर्म पुढच्या पावसाळ्यात आहेत. तोवर राहू दे." इतिवृत्तात हे वाक्य नाही, म्हणून इथे लिहितो. २००९ च्या जुलैत तिचा प्रवेश झाला, त्या महिन्याअखेर वायर निघाली. आजी-आजोबा आमचे पाहुणे म्हणून शेवटपर्यंत आमचंच वाय-फाय वापरत राहिले.

पुन्हा एकदा

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की वाटून घेण्याची गरजच संपली असं आम्हाला वाटलं. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ते खोटं ठरवलं. जूनमध्ये शाळा फोनवर भरू लागल्या. आपल्या वॉचमनचा मुलगा नववीत. घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर ड्युटीवर, आणि दिवसाचा डेटा दोन तासांत संपायचा. मुलगा मीटर रूमपाशी पायरीवर बसून अभ्यास करताना अनेकांनी पाहिला होता.

सभासद नसलेल्याला नेट द्यावं का, हा प्रश्न कमिटीच्या फोनवरच्या बैठकीत आला. २००८ चे आक्षेप मला पाठ होते, आणि आता त्यांना उत्तरही होतं. नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' वेगळं करता येतं. त्याचा पासवर्ड वेगळा, वेळ ठरवता येते, घरातल्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका सभासदाने आपल्या कनेक्शनवर ते लावून दिलं, दुसऱ्या घराने जुना फोन दिला. एक पैसाही कुणी मागितला नाही. त्या मुलाने २०२२ मध्ये दहावीची परीक्षा केंद्रावर जाऊन दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाला. त्याच काळात आपल्या तालुक्यांतल्या ठाकर-कातकरी वाड्यांवरची कित्येक मुलं रेंज शोधत टेकडीवर चढत होती, हेही विसरू नये. साधन दारावरून जाणं आणि घरात येणं यांत अजूनही अंतर आहे.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तिच्यात चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय लोकांना वाय-फाय देऊ शकतो. वापरणाऱ्याची नोंद आणि जबाबदारी यांची सोय व्यवस्थेतच केलेली आहे. आपल्या सभेतल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर असं बारा वर्षांनी आलं.

रौप्यमहोत्सवानिमित्त माझी एक सूचना आहे. सोसायटीच्या ऑफिसातलं कनेक्शन संध्याकाळी सहा ते नऊ बंद खोलीत वाया जातं. तिथे चार खुर्च्या, एक टेबल आणि नोंदवही ठेवावी. सभासदांची मुलं, घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलं, वॉचमनची मुलं, ज्याला अभ्यासाला हवं त्याने नाव लिहून बसावं. येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदकाची गरज आहे. बी विंग, दुसरा मजला, कधीही या.