वाफशाचा हिशेब : उचगाव आणि पंचगंगाकाठच्या मृद्-जलसंधारणाचा इतिहास

१. कसोटी कोणती?

पावसाने उघडीप दिली तरी पंचगंगाकाठचा जाणता शेतकरी लगेच औत जुंपत नाही. आधी तो वीतभर खोलीवरची मूठभर माती उचलतो, मुठीत दाबतो आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. गोळा हाताला चिकटला आणि पडूनही तसाच राहिला, तर ओल अजून जास्त आहे. मुठीत गोळाच वळला नाही, तर ओल उडाली. गोळा वळला आणि पडताच मोकळा झाला, की तो म्हणतो, वाफसा आला.

या एका शब्दात मृद्-जलसंधारणाचे सगळे शास्त्र सामावले आहे. चांगल्या मातीच्या घनफळात साधारण निम्मी जागा पोकळीची असते. त्या पोकळीत पाणी आणि हवा जवळजवळ सारख्या वाट्याने नांदतात तेव्हा मुळांना ओलही मिळते आणि श्वासही घेता येतो. पाणी कमी पडले तर पीक वाळते, पाणी साचले तर मुळे गुदमरतात.

जमीन वाफशात ठेवायची तर तीन कामे करावी लागतात. पाणी अडवणे, पाणी मुरवणे आणि जादा पाण्याचा निचरा करणे. गेल्या सव्वाशे वर्षांतील प्रयत्न या तीन कामांच्या कसोटीवर तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगतो. अडवण्यात या परिसराने देशाला धडा घालून दिला, मुरवण्याकडे तो उशिरा वळला, आणि निचऱ्याकडे तर जमीन हातची जाऊ लागल्यावरच त्याचे लक्ष गेले.

२. भूमी आणि पाऊस

उचगाव हे करवीर तालुक्यातले, कोल्हापूर शहराला पूर्वेकडून लागून असलेले गाव. उत्तरेला पंचगंगा, शेजारी गांधीनगर आणि वळिवडे, जवळूनच जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. या गावाचे पाणी समजून घ्यायचे तर नजर शंभर किलोमीटरवर फिरवावी लागते. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कोल्हापूर शहराच्या आसपास तो हजार मिलिमीटरवर येतो आणि पूर्वेला शिरोळ तालुक्यात त्याच्याही निम्म्याच्या आसपास उतरतो. उचगाव या उताराच्या मधोमध आहे. वरच्या धो धो पावसाचे पाणी नदीतून त्याच्या शेजारून जाते, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र मध्यम पाऊस पडतो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. काठाला पुराने आणून टाकलेली खोल मळीची जमीन, तिच्या वर काळे चिकण रान, आणि उंचवट्यावर मुरमाड माळ असा या भागाचा साधारण क्रम आहे. तिघांचे स्वभाव वेगळे. माळावरचा मुरूम पाणी पटकन पितो, पण धरून ठेवत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून गटागटा पिते, आणि एकदा फुगली की तोंड मिटून घेते. त्यामुळे एकच उपाय तिन्ही ठिकाणी लागू पडत नाही. पुढच्या काळात झालेल्या बऱ्याच चुका हा भेद विसरल्यामुळे झाल्या.

३. ताली आणि तळी

सर्वांत जुना उपाय म्हणजे ताल. उताराला आडवी दगडांची किंवा मातीची भिंत घालायची, वरून वाहत येणारी माती तिच्यामागे साठू द्यायची, आणि काही पावसाळ्यांत शेताला आपोआप पायरी येऊ द्यायची. तालीच्या दगडांमधल्या फटींतून पाणी झिरपते, माती मागे राहते. अडवणे, मुरवणे आणि निचरा ही तिन्ही कामे एकाच रचनेत करणारा हा उपाय आहे. म्हणून त्याला मागासलेला म्हणणे चूक ठरेल.

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये या प्रश्नाची नेमकी मांडणी केली. डोंगरमाथ्यावरचा पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर ओढ्यानाल्यांतून वाहून जातो आणि शेत नापीक होते, हे त्यांनी ओळखले. सरकारने आपल्या फौजेकडून व पोलिसांकडून जागोजागी तालीवजा बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरून मग ओढ्याला मिळेल, असा उपाय त्यांनी सुचवला. पाणलोट क्षेत्र हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यामागचा विचार मराठीत असा लिहिला गेला होता.

दुसरा उपाय तळ्यांचा. कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा आज उरले आहेत. वरुणतीर्थाचे मैदान झाले आणि कपिलतीर्थावर मंडई भरते. तळे बुजले की पाण्याचा साठा जातोच, शिवाय पावसाळ्यात पाण्याला थांबायची जागा जाते आणि विहिरींना पाझर देणारा झराही आटतो. शहराने केलेली ही चूक त्याला लागून असलेल्या गावांनी धडा म्हणून वाचायला हवी.

४. शाहूकाळ : नदीचाच पाट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी राजर्षी शाहू महाराजांना पाण्याच्या प्रश्नाकडे वळवले. १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण आखले गेले. पुढे त्याच दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाची आखणी झाली. पैशाच्या अडचणीने काम मधे थांबले आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ च्या सुमारास ते पुरे झाले. सुमारे ८.३६ टीएमसी साठा आणि पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडणारे सात दरवाजे ही या धरणाची ओळख आहे.

धरणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्या पाण्याची वाट. इतरत्र धरणापासून कालवा काढतात. इथे नदीलाच पाट केले. पात्रात ठिकठिकाणी दगडी खांबांचे बुटके बंधारे घातले. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत लाकडी फळ्या, म्हणजे बरगे, दोन ओळींत बसवायचे, मधल्या फटीत चिकणमाती ठासायची आणि पाणी तुंबवायचे. पावसाळा तोंडावर आला की बरगे काढायचे, म्हणजे पुराचे पाणी आणि त्याबरोबरचा गाळ मोकळेपणाने पुढे जातो. धरणाचे पाणी एका बंधाऱ्यातून दुसऱ्यात उतरत जाते आणि दोन्ही काठांवरून उपसले जाते. हाच तो देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखला गेलेला नमुना. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा.

या रचनेतले शहाणपण बरगे काढण्यात आहे. वर्षातले काही महिने पाणी अडवायचे आणि काही महिने नदीला तिची वाट परत द्यायची, हे तत्त्व बांधकामातच बसवले आहे. कायमची भिंत गाळाने भरते. हा बंधारा दर पावसाळ्यात स्वतःला धुऊन काढतो. दुर्दैव असे की पात्रासाठी पाळलेला हा नियम शेतासाठी कुणी पाळला नाही.

५. बांधबंदिस्ती : एकच माप सर्वांना

मुंबई प्रांतात कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन १९२३ मध्ये मांजरीला सुरू झाले आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात वाढले. १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला आणि समपातळी बांधांना सरकारी बळ मिळाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा भागही त्याच चाकोरीत आला. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि नालाबांध ही रोजगाराची मुख्य कामे झाली. १९७७ च्या कायद्याने रोजगाराच्या हमीला कायदेशीर आधार दिला.

या कामांनी लाखो हातांना काम आणि घरांना भाकर दिली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. त्यांची गरज किती होती ते साध्या गणिताने कळते. एक हेक्टर शेतावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर १० घनमीटर म्हणजे सुमारे १३ टन माती जाते. डोळ्याला हा फरक दिसतही नाही. पण तो थर सर्वांत वरचा, सेंद्रिय अंशाचा आणि जिवाणूंचा असतो.

दोष होता तो सरसकटपणात. मुरमाड, हलक्या जमिनीत समपातळी बांध चांगले काम देतात, कारण अडलेले पाणी मुरते. खोल काळ्या जमिनीत तेच पाणी बांधामागे तुंबते, पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. फुटक्या बांधातून एकवटून सुटलेले पाणी घळ पाडते. काळ्या रानाला हलका उतार दिलेले बांध आणि गवत धरलेली सांडव्याची वाट हवी असते. शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी बांध स्वतःच फोडले, ते अडाणीपणाने नव्हे. शेताला वाफसा येत नव्हता, म्हणून.

६. माथा ते पायथा

पुढचा टप्पा विचारातल्या बदलाचा. विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचे आणि उसासारख्या पिकाला त्यात जागा द्यायची नाही, हे त्याचे मर्म. १९८३ मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम हाती घेतला. १९९२ मध्ये, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, स्वतंत्र जलसंधारण खाते झाले. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियान आले.

तत्त्व सोपे होते. काम माथ्यापासून सुरू करायचे, मग उतार, मग शेत आणि शेवटी ओढा. एक एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी पडते. ते पडेल तिथेच मुरवणे स्वस्त, खाली जमा झाल्यावर सांभाळणे महाग. प्रत्यक्षात यंत्रे मात्र बहुतेकदा पायथ्याशी, ओढ्याच्या खोलीकरणालाच लागली. वरचा उतार उघडा ठेवून ओढा खोल केला तर तो पुन्हा गाळाने भरतो. शिवाय पात्रातली वाळू आणि काठची झाडी गेली की मुरण्याचा वेगही मंदावतो.

७. क्षारपड : न दिलेल्या वाटेची किंमत

बारमाही नदी आणि सहकारी उपसा योजना यांनी पंचगंगाकाठ उसाने हिरवागार केला. पण सरीत भरून दिलेल्या पाण्याचा हिशेब फार थोड्यांनी ठेवला. एका पाळीला ७५ मिलिमीटर पाणी धरले तर एकरी तीन लाख लिटर होतात. त्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असतील, तर एका पाळीबरोबर दीडशे किलो क्षार शेतात उतरतात. पाणी पिकातून आणि उन्हाने उडते, क्षार मागे राहतात. भूजल वर आले की केशाकर्षणाने तेही पाणी पृष्ठभागावर चढते आणि आपले क्षार टाकून जाते.

असे होते तेव्हा जमीन दोन प्रकारे बिघडते. क्षारयुक्त जमिनीची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते आणि वर पांढरी साय धरते. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर जातो. मातीचे कण सुटे होतात, भोके बुजतात, आणि पाणी वर थबकूनही खाली कोरड पडते. चोपणाला जिप्सम आणि सेंद्रिय खत लागते, पण निचऱ्याची वाट नसेल तर दोन्ही वाया जातात.

या जिल्ह्याची मान उंच करणारे काम इथेच झाले. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकून हजारो एकर क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणण्याची मोहीम उभी राहिली. शेतातल्या उपनळ्या मुख्य नळीला मिळतात आणि मुख्य नळी ओढ्याला. एकट्याने हे होत नाही, कारण आपल्या शेताचे पाणी बाहेर जायला शेजाऱ्याच्या शेतातूनच वाट लागते. म्हणून निचरा हा मुळातच सहकाराचा विषय आहे. धरण राजाला आखता आले, पण निचऱ्याची वाट शेजाऱ्यांनीच एकमेकांना द्यावी लागते.

८. शहराला टेकलेले गाव

उचगावसारख्या गावात आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. शेतावर पडलेल्या पावसाचा मोठा भाग मुरतो. काँक्रीट, डांबर आणि पत्र्यावरून जवळजवळ सगळा वाहून जातो. हजार चौरस फुटांच्या छतावर हजार मिलिमीटर पाऊस पडला की ९३ हजार लिटर पाणी मिळते. गळती सोडली तरी पाऊण लाख लिटर हाती येते. हे पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवले तर साठा होतो. रस्त्यावर सोडले तर तेच पाणी खालच्या वस्तीत शिरते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेले. एवढा पूर गावातल्या शोषखड्ड्यांनी अडणार नाही, त्याची मुळे सह्याद्रीच्या पावसात आणि पूररेषेतल्या बांधकामांत आहेत. पण नदी फुगलेली असताना गावचा ओढा मोकळा आहे की बुजलेला, यावर गल्लीत पाणी किती दिवस राहणार हे ठरते. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गाव ग्रामपंचायतीत राहो की महापालिकेत जावो, ओढ्याचा उतार तोच राहणार.

९. निष्कर्ष आणि एक प्रस्ताव

इतिहासाचा ताळेबंद असा मांडता येईल. ताल या जुन्या रचनेने तिन्ही कामे जपली होती. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने अडवणे आणि सोडणे यांचा तोल नदीपुरता साधला. बांधबंदिस्तीने जमिनीचा स्वभाव न बघता अडवले. पाणलोट कार्यक्रमाने मुरवण्याचे तत्त्व आणले, पण काम पायथ्याशी अडकले. क्षारपडीने निचरा शिकवला, तोही जमीन गेल्यानंतर. आणि आता वाढत्या वस्तीत मुरवणे आणि निचरा ही दोन्ही कामे एकाच वेळी धोक्यात आहेत.

ज्यासाठी मोठ्या निधीची वाट बघावी लागत नाही, असे एक काम सुचवतो. पंचगंगेवर बरगे बसतात तेव्हा आणि बरगे निघतात तेव्हा, वर्षातून दोनदा, गावातल्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. त्याशेजारी शिवारातल्या ओढ्यांची यादी लावावी आणि प्रत्येक ओढा मोकळा आहे की बुजलेला, हे त्यापुढे नोंदवावे. चार-पाच वर्षांत कुठे पाणी खोल चालले आहे आणि कुठे ते वर चढून जमीन क्षारपडीकडे चालली आहे, हे गावाला स्वतःच्या आकड्यांतून कळेल. नदीकाठी बरगे वेळेवर बसवणारी आणि काढणारी माणसे या परिसरात पिढ्यान् पिढ्या आहेत. तीच शिस्त विहिरीच्या काठावर आणायची आहे.